नाव एक, माणूस दुसरा: टोपणनाव, बदललेलं नाव आणि तोतयेगिरीबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि नावदुरुस्तीची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं रोजचं काम. माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतो आणि बोलता बोलता गाडी नावावर येते: माझं नाव कोणीतरी वापरतंय, मी दुसरं नाव लावतो, आईचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. खालचे प्रश्न असेच आलेले. मी वकील नाही, त्यामुळे प्रकरण कोर्टात उभं असेल तर वकिलालाच गाठा.

टोपणनावानं लिहिलं, गायलं, लोकांत वावरलं तर गुन्हा होतो का?

नाही. होत असता तर सोलापूरचं निम्मं कवितेचं दालन आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागलं असतं. हरिहर गुरुनाथ सलगरकर म्हटलं तर चार लोक ओळखतील, कवी कुंजविहारी म्हटलं की जुनी माणसं सावरून बसतात. कृष्ण गंगाधर दीक्षित म्हणजे कवी संजीव. बार्शीचे महबूब हुसेन पटेल महाराष्ट्राला शाहीर अमर शेख म्हणूनच माहीत आहेत. यांतल्या कोणी कोणाला फसवलं नाही. लोकांनी त्यांना ज्या नावानं हाक मारली त्या नावाला ते जागले, एवढंच.

कायद्यालाही त्यात वावगं वाटत नाही. अट एकच: बँक, करार, कर, पासपोर्ट असलं काही आलं की कागदावरचं नाव लागतं. त्यासाठी 'ऊर्फ' हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो सातबाऱ्यावरही चालतो आणि लग्नपत्रिकेवरही.

मग गुन्हा नेमका कुठून सुरू होतो?

मी समोरच्याला एकच विचारतो: त्या नावावर जे घेतलंय, ते उद्या कोण फेडणार? कवितेला शिव्या पडल्या तर टोपणनाववाला स्वतःच खातो. पण तुमच्या नावावर कोणी कर्ज काढलं, सिम घेतलं, परीक्षेला बसलं, तर भरपाई, चौकशी, बदनामी तुमच्या दारात येते. नाव बदलण्यात गुन्हा नाही, त्या नावाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्यात आहे.

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 319 तोतयेगिरी करून फसवणूक याबद्दल आहे. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच शिक्षा 3 वर्षांपर्यंत होती. काही हुशार लोक म्हणतात, "मी सांगितलेल्या नावाचा माणूसच जगात नाही, मग मी तोतया कोणाचा?" ही पळवाट कायद्यानं आधीच बुजवली आहे. ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो की काल्पनिक, गुन्हा होतो. फसवून पैसे किंवा मालमत्ता काढून घेतली तर कलम 318 लागतं आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. त्यासाठी खोटे कागद केले असतील तर बनावट दस्ताची कलमं आणखी वेगळी.

आमच्या घरात एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार प्रकारे आहे. ही खोटी ओळख धरतात का?

हा प्रश्न पूर्व भागातून सर्वांत जास्त येतो. त्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण यात विनाकारण घाबरलेली माणसं फार.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत बोलतात, आणि कागद लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा यांतली एकच येते. तेलुगू घरात घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर. मराठी शाळेत ते उलटं झालं, मध्ये वडिलांचं नाव आलं. मग शाळेच्या दाखल्यावर 'नरसय्या', रेशनकार्डावर 'नर्सय्या' आणि आधारवर 'नरसिंग'. कन्नड घरात 'सिद्रामप्पा'चा 'सिद्राम' होतो, 'मल्लव्वा'ची 'मल्लम्मा'. विडी कामगार बायकांचं तर आणखी अवघड. कारखान्यात नाव लागलं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून भविष्य निर्वाह निधी माहेरच्या नावावर. आधार सासरच्या नावावर. बँकेत कोणीतरी इंग्रजी स्पेलिंग आपल्या मनानं घातलेलं. साठीला पोचलेली बाई निधी काढायला जाते, तेव्हा खिडकीवरचा माणूस विचारतो, "ही तुम्हीच कशावरून?" चाळीस वर्षं विड्या वळणाऱ्या हातांना तो प्रश्न कसा लागत असेल, ते समोर बसल्यावर कळतं.

ही तोतयेगिरी नाही. फसवण्याचा हेतू नाही आणि माणूस एकच आहे. उपाय असा: आधी एक कागद पक्का धरा, शक्यतो शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला. मग बाकीचे त्याच्याशी जुळवत आणा. पहिल्यांदा आधार, कारण पुढचं सगळं त्याला लटकलेलं असतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं, तेव्हा केंद्रावर घाई करू नका. पडद्यावर टाइप झालेलं नाव, विशेषतः मराठीतलं, स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर नातवाला सोबत न्या. 'अमुक आणि तमुक या नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कोणी महागाचा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर कोणत्या नियमानं, ते लेखी मागा.

रीतसर नाव बदलायचं असेल तर?

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे लोक ज्याला 'गॅझेट' म्हणतात त्यात, जाहिरात द्यायची. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो. छापून आलं की त्या पानाची प्रत जपून ठेवा. शाळा सोडल्यावर शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव सहसा बदलत नाहीत. म्हणून पुढे जन्मभर जुना दाखला आणि गॅझेट असा जोड दाखवावा लागतो.

लग्नानंतर बायकोनं नाव बदललं नाही तर अडचण येते का?

बदललंच पाहिजे असा कायदा नाही. अडचण येते ती नातेवाइकांची.

आजोबांनी आडनाव बदललं होतं. जात पडताळणीत ते अंगावर येईल का?

सोलापुरात या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्या कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. आजही तो भाग सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, पण आडनाव ऐकून काम नाकारणारे लोक रद्द झाले नाहीत. मग पोराला शाळेत घालताना कोणी गावावरून 'कर' लावलं, कोणी भलतंच सौम्य आडनाव घेतलं. तुम्हीही त्या जागी असता तर हेच केलं असतं.

आडनाव बदलणं हा गुन्हा नव्हता आणि नाही. पडताळणी समिती बघते ती आजोबा, पणजोबांच्या शाळेतली, महसूल खात्यातली जुनी नोंद आणि नात्यांची साखळी. आडनाव कुठे आणि का बदललं हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःहून लिहा. लपवलंत तर संशय येतो. उलट, आपली नसलेली जात लावून दाखला मिळवणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात त्याला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 2,000 ते 20,000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि मिळालेली नोकरी किंवा प्रवेश जातो तो वेगळाच.

बाईनं खरं नाव लपवून लिहावं का? मुलगी ब्लॉग लिहिते, घरी कळू नये म्हणते.

लिहू द्या. 1933 साली 'विभावरी शिरूरकर' या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात उघड मांडलेली होती. महाराष्ट्रात गदारोळ झाला, आणि लेखिका कोण याचा शोध लेखनावरच्या चर्चेपेक्षा जोरात चालला. त्या म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी ते गुपित राखलं. खरं नाव छापलं असतं तर पुस्तकाऐवजी बाईचीच समीक्षा झाली असती, आणि तेव्हा त्या शाळेत शिकवत होत्या. (पुढे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींत शिक्षणाचं काम करून त्यांनी 'बळी' ही कादंबरी लिहिली. वरचा आजोबांच्या आडनावाचा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनी ती मिळवून वाचावी.)

व्यवहाराचं एवढं सांगा: पुस्तक निघालं तर प्रकाशकाशी करार खऱ्या नावानं करायचा, मुखपृष्ठावर टोपणनाव. टोपणनावाच्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो. त्या मुदतीत लेखक कोण हे जाहीर झालं, तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

पुण्यात खोली मिळावी म्हणून वेगळं आडनाव सांगितलं. काही होईल का?

सोलापूरची पोरं नोकरीला पुण्यात जातात आणि घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. तोंडी काही सांगितलं, भाडं वेळेवर दिलं, तर सहसा काही घडत नाही. पण भाडेकरार नोंदवताना आधार आणि अंगठा लागतो, तिथे खरं नाव येणारच. खोट्या आधारची झेरॉक्स लावण्याच्या फंदात तर पडूच नका. तिथे तुमची मजबुरी कोणी ऐकून घेणार नाही, आणि ज्यानं जात विचारली तो मात्र मोकळा राहील. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

शेजारणीला माझ्या नावावर बचत गटाचं कर्ज उचलून दिलं. आता ती फेडत नाही.

"पैसे तिनं घेतले, हप्ता मागायला माणसं माझ्या दारात यायलेत." विडी घरकुलापासून अक्कलकोट रोडपर्यंत हे वाक्य ऐकलेलं आहे. इथे कोणी तुमचं नाव चोरलेलं नाही, तुम्ही ते वापरायला दिलंत. कर्जदार कागदावर तुम्ही, म्हणून फेड तुमच्याकडून. तिनं सुरुवातीपासूनच बुडवायच्या हेतूनं घेतलं असेल तर फसवणुकीची तक्रार होते, पण त्यासाठी पुरावा लागतो: तिनं लिहून दिलेली चिठ्ठी, फोनवरचे मेसेज, तिच्या खात्यात गेलेली रक्कम. एकही नसेल तर तडजोड करून हप्ते बांधून घ्या.

तुमच्या नकळत कर्ज निघालंय का ते बघायचं असेल तर पतमाहिती कंपन्यांकडून, म्हणजे आपण ज्याला सिबिल म्हणतो तो अहवाल, वर्षातून एकदा फुकट मिळतो.

माझ्या आधारवर दुसऱ्या कोणी सिम घेतलंय का, कसं कळणार?

'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपला नंबर टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. एका माणसाला 9 सिमची मर्यादा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याच्या नावानं फसवून सिम घेणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड आहे.

झेरॉक्स देतानाच काळजी घ्या. लॉजवर वगैरे आधारची प्रत दिली की तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख, सही. शक्य असेल तिथे फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या.

माझा फोटो लावून फेसबुकवर कोणी खातं काढलंय आणि ओळखीच्यांकडे पैसे मागतंय.

सगळ्यात आधी स्वतःच्या खात्यावर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर टाका, की ते खातं माझं नाही, पैसे पाठवू नका. मग त्या खात्याचा पत्ता, म्हणजे लिंक, जपून ठेवा आणि स्क्रीनशॉट काढा. त्यानंतरच रिपोर्ट करा. बरेच जण उलटं करतात. खातं उडतं आणि पुरावाही उडतो. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, पैसे गेले असतील तर तत्काळ 1930 या क्रमांकावर. सोलापूरकराला हा आकडा विसरायचं कारण नाही, मार्शल लॉ लागला ते साल. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 क आणि 66 ड ही कलमं लागतात, दोन्हींत 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.

हल्ली चालू असलेला नमुना असा: ओळखीच्या अधिकाऱ्याच्या नावाचं खातं, मग मेसेज, की माझ्या मित्राची बदली झालीय, फर्निचर स्वस्तात द्यायचंय. सोफ्याचे फोटो खरेखुरे वाटतात. त्या अधिकाऱ्याला एक फोन लावला की खेळ संपतो.

पोलीस बोलतोय म्हणून व्हिडिओ कॉल आला, 'डिजिटल अरेस्ट' केलंय म्हणाले.

असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा.

रस्त्यात अडवणारा साध्या वेशातला पोलीस खरा की तोतया, कसं ओळखायचं?

यांची पद्धत ठरलेली असते, आणि लक्ष्यही: सकाळी देवळाला निघालेली, अंगावर पाटल्या असलेली आजी. एक जण म्हणतो, "पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून ठेवा." दुसरा वाटसरू बनून येतो आणि स्वतःची साखळी निमूटपणे काढून देतो, म्हणजे आजीला धीर येतो. मग तो 'साहेब' पाटल्या कागदात गुंडाळतो, पुडी आजीच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवतो, वर सांगतो, "घरी जाऊनच उघडा." घरी पुडीत खडे निघतात. त्या हातचलाखीला दोन सेकंदही लागत नाहीत.

खरा पोलीस दागिने काढून पुडीत बांधायला कधीच सांगत नाही. ओळखपत्र मागा, आणि "चला, ठाण्यातच काढून देते" म्हणा. लोकसेवक असल्याचं सोंग घेण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली किमान 6 महिने ते 3 वर्षं शिक्षा आहे.

मग खाकी घालून दारात येणाऱ्या बहुरूप्याचं काय?

पोलिसाचा वेश कलम 205 खाली येतो, पण तो लोकांनी खरा पोलीस समजावं यासाठी घातलेला असावा लागतो. तुमचं वॉरंट काढून वर लग्नाचं आमंत्रण देणाऱ्याला खरा फौजदार कोण समजेल? त्याला दहा रुपये द्या.

स्थळ आलं, लग्न झालं, चार दिवसांत नवरी दागिन्यांसह गायब. नाव, गाव, आधार सगळं खोटं.

गावाकडे लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून हतबल झालेल्या घरांना एजंट हेरतात. रक्कम रोख, घाई जबरदस्त, मुलीकडचे म्हणून आणलेले दोघे-तिघेच. लाज वाटून लोक तक्रारच देत नाहीत, आणि तीच मुलगी दुसऱ्या नावानं पुढच्या तालुक्यात बोहल्यावर चढते. तक्रार द्या.

आधीच करायचं ते असं: आधारवरचा क्यूआर कोड सरकारी ॲपनं स्कॅन करा. खोट्या कार्डावर छापलेलं नाव एक आणि कोडमधून निघणारं दुसरं, किंवा काहीच निघत नाही. मुलीच्या गावी जाऊन शेजाऱ्यांच्या घरी पाणी प्या. उलट बाजूनं, पुरुषानं ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले तर न्याय संहितेचं कलम 69 आहे, शिक्षा 10 वर्षांपर्यंत.

आमची जमीन दुसऱ्याच माणसानं मालक म्हणून उभं राहून विकली.

तोतया मालक. ही कला जुनी आहे. पानिपतावर 1761 साली पडलेले सदाशिवरावभाऊ मीच, असं सांगत सुखनिधान नावाचा माणूस उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, फौज जमवली, कोकणातले किल्ले घेतले. अखेर 1776 साली त्याला पुण्यात देहदंड झाला. त्याला राज्य हवं होतं, आताच्यांना हायवेलगतचा एक एकर पुरतो.

नोंदणी कायद्याचं कलम 82 अशा तोतयाला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत शिक्षा देतं. दस्ताला फोटो आणि अंगठ्याचा ठसा जोडलेला असतो. पहिल्या दिवशी त्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढा, सगळी केस तिच्यावर उभी राहते. फेरफाराला तलाठ्याकडे लेखी हरकत घ्या आणि दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा लावा. परगावी राहत असाल तर 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा अधूनमधून बघत जा.

स्वतःच्या पैशानं मेहुण्याच्या नावावर प्लॉट घेतला तर?

बेनामी धरला जाऊ शकतो. 1988 चा कायदा 2016 मध्ये कडक झाला. प्लॉट सरकारजमा, 1 ते 7 वर्षं कैद आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. पत्नी आणि मुलांच्या नावावर, आपल्या उघड उत्पन्नातून घेतलेलं चालतं.

मतदानाला गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं.

भांडत बसून परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे 'टेंडर मत' मागा. ओळख पटली की तुम्हाला मशीनवर नाही, छापील मतपत्रिकेवर मत देता येतं, आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. निकालाच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं तर ती पाकिटं उघडायचा आदेश होऊ शकतो. बोटाला शाई लावून घ्या.